कॅप्टन ट्रास्कचं रिव्हॉल्व्हर

न्यू ब्रिटन, कनेक्टिकट
रविवार, २६ एप्रिल २००९

प्रिय ब्रोन्या,

फोन हाताशी असताना बापाने, तुझ्या ताताने, पत्र का पाठवलं, म्हणून तू आधी पाकीट उजेडात धरून बघशील. तुझी सवय मला ठाऊक आहे. बघ खुशाल. अक्षर माझं आहे, शाई माझी आहे आणि कोपऱ्यातला डाग कोबीच्या सुपाचा आहे. फोनवर तू मला तिसऱ्याच वाक्याला अडवतेस, "ताता, मुद्द्यावर ये ना." या वेळी मुद्द्यावर यायला मला वेळ लागणार आहे आणि मधे कुणी अडवलं तर मी तिथूनच मागे फिरेन. कागद अडवत नाही, एवढं त्याचं बरं असतं.

इकडे सगळं ठीक. ईस्टरला तू आली नाहीस म्हणून शेजारच्या मिसेस पिएन्कोसने जेवायला बोलावलं आणि जेवण संपेपर्यंत स्वतःच्या विधवा बहिणीचे गुण सांगितले. नंतर एकदा मी घरी पिएरोगी करून बघितल्या. निम्म्या उकळत्या पाण्यात फुटल्या आणि बटाट्याचं सारण भांडंभर झालं. तुझी आई असती तर म्हणाली असती, "पोलादावर वेली कोरतोस आणि कणकेची कड दाबता येत नाही?" चार वर्षं झाली तिला जाऊन, पण माझी फजिती झाली की अजून पहिला आवाज तिचाच ऐकू येतो.

तर ऐक. मार्चमध्ये स्प्रिंगफील्डच्या जुन्या बंदुकांच्या प्रदर्शनाला येत नाही, गुडघा दुखतोय, असं मी तुला सांगितलं. गुडघा ठणठणीत होता आणि मी आलो होतो. मी समोर दिसलो की तू बोलताना चार वाक्यांनी एकदा माझ्याकडे बघतेस, लहानपणापासून. मी नसताना तू कशी बोलतेस ते मला बघायचं होतं. म्हणून लिऑन ड्रॉबनिकबरोबर त्याच्या गाडीतून आलो, टोपी कपाळावर ओढली आणि शेवटच्या रांगेत खांबाआड बसलो. लिऑन वैतागला. "टेड, पोरीच्या कार्यक्रमाला बाप असा चोरासारखा बसतो का?" मी म्हटलं, "तू कॉफी पी."

त्या हॉलमध्ये मी पन्नास वर्षं जातो आहे. हिरव्या कापडाची टेबलं, त्यांवर कापूस अंथरून झोपवलेली रिव्हॉल्व्हरं, पांढरे हातमोजे घातलेली पोट सुटलेली माणसं, आणि टेबलामागे खुर्चीत विणत बसलेल्या त्यांच्या बायका. तेच विनोद, त्याच बढाया. "हे माझ्या पणजोबांनी गेटिसबर्गच्या लढाईत वापरलं," असं म्हणणारे इतके भेटतात की सगळ्यांचे पणजोबा खरंच तिथे असते तर गोळी झाडायला जागा उरली नसती. या गर्दीत तू अकरा वर्षांची असताना माझं बोट धरून फिरायचीस आणि टेबलापेक्षा वीतभरच उंच होतीस. लोक म्हणायचे, "टेड, हिला बाहुल्या बघायला ने की रे." त्याच माणसांनी आज तुला संग्राहक मंडळाच्या परीक्षक समितीवर बसवलं आहे. ऐंशी वर्षांत पहिली बाई. तू करड्या कोटात व्यासपीठावर आलीस, चष्मा वर सरकवलास, आणि तुझ्यापेक्षा वीस-वीस वर्षांनी मोठी माणसं वही उघडून बसली. लिऑनने मला कोपर मारलं. माझी छाती अशी फुगली की कोटाचं बटण कुरकुरलं. त्या हॉलमध्ये तू माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीस. तुला गरजच नव्हती.

मग विम्याच्या धंद्यात गबर झालेला तो वेंडेल स्ट्रेक आपली पेटी घेऊन पुढे आला आणि त्याने ती उघडली. मी शेवटच्या रांगेत होतो, तरी आत काय आहे ते मला झाकण पुरतं वर जायच्या आधीच कळलं.

तुला ते ओळखीचं वाटलं हे तुझ्या खांद्यांवरून मला दिसलं. १८५१च्या नमुन्याचं कोल्ट नेव्ही रिव्हॉल्व्हर. नळीवर, चौकटीवर, घोड्याच्या मागच्या अंगापर्यंत पानावेलींचं दाट कोरीवकाम. मुठीच्या पितळी पाठीवर अक्षरं : कॅप्टन एलिहू ट्रास्क यांस, त्यांच्या तुकडीतील सैनिकांकडून, १८६२. तू पंधरा वर्षांची असताना आपण दोघांनी ते याच हॉलमध्ये, डेनिस क्वार्ल्सच्या टेबलावर बघितलं होतं. सोनेरी दातांचा क्वार्ल्स, खिशात कायम पुदिन्याच्या गोळ्या. आता तो जाऊन अकरा वर्षं झाली. त्याने तुला रिव्हॉल्व्हर हातात घेऊ दिलं आणि गोष्ट सांगितली. यादवी युद्धात, अँटिएटमच्या लढाईत, मक्याच्या शेतात पडलेला तरुण कॅप्टन, त्याच्या माणसांनी वर्गणी काढून दिलेली भेट, छातीशी धरलेलं हे रिव्हॉल्व्हर. तुझे डोळे भरून आले होते. ते परत ठेवताना तू मला म्हणालीस, "ताता, हे पान बघ, वाऱ्याने आत्ताच हललंय असं वाटतं." मी टेबलाकडे पाठ केली. तुला वाटलं असेल, मलाही भरून आलं आहे.

तो उन्हाळा तुला आठवतो का, मला माहीत नाही. मला त्यातला एकेक दिवस आठवतो. तू कॅप्टन ट्रास्कला शोधायला निघालीस. शाळेने काही सांगितलं नव्हतं, तुझं तुलाच वाटलं. रोज सकाळी डब्यात राईचा पाव आणि सॉसेज घेऊन बसने हार्टफर्डला जायचीस आणि ग्रंथालयात पलटणींच्या याद्या चाळायचीस. संध्याकाळी जेवताना सांगायचीस, "आज आठवी आणि अकरावी पलटण संपली. नाही सापडला. पण ताता, मॅसॅच्युसेट्सचाही असू शकतो ना तो?" तुझी आई सूप वाढता वाढता माझ्याकडे बघायची. मी म्हणायचो, "असू शकतो." मग तू मॅसॅच्युसेट्स घेतलंस, मग ऱ्होड आयलंड. तीन गावांच्या चर्चना पत्रं लिहिलीस. एकाचं उत्तर आलं, की ट्रास्क नावाचं कुणी आमच्या दफनभूमीत नाही, पण आम्ही त्याच्यासाठी प्रार्थना करू. ऑगस्टमध्ये तू वही मिटलीस आणि म्हणालीस, "कागद जळले असतील. बिचाऱ्याला दोनदा मरावं लागलं." मी अंगणात जाऊन लाकडं फोडत बसलो. ऑगस्टात लाकडं कशाला, असं तू विचारलंस. मी पुढचा ओंडका उचलला.

आता परत हॉलमध्ये. तू रिव्हॉल्व्हर सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलंस आणि नळीचं डावं अंग भिंतीएवढ्या पडद्यावर उमटलं. अख्ख्या हॉलमधून "वा" असा एक मोठा श्वास निघाला. लिऑन तर पुटपुटला, "काय हात आहे, टेड! आपल्या खात्यात असा एक माणूस असता तर आपण दोघं झाडू मारत बसलो असतो." लिऑन माझ्याबरोबर कारखान्याच्या कोरीवकाम खात्यात अठरा वर्षं होता, त्याला हात कळतो. खोटं सांगत नाही ब्रोन्या, मी सुखावलो. या पत्रात आज खोटं काहीच सांगायचं नाही असं ठरवून बसलो आहे.

आणि मग तू बोललीस. तुझी वाक्यं मला पाठ आहेत. तू म्हणालीस, "काम सुंदर आहे, त्याबद्दल माझा वाद नाही. पण इथे गंजाचे तीन खळगे आहेत. प्रश्न एवढाच आहे, की गंजाने रेघ खाल्ली, की रेघ गंजावरून चालत गेली?" तू चित्र आणखी मोठं केलंस. त्या पानाची शीर खळग्याच्या काठावरून आत उतरली होती, तळाशी दिसत होती आणि पलीकडच्या काठाने वर चढली होती. "गंज आधी चढला, कोरणी नंतर फिरली," तू म्हणालीस. "असा गंज चढायला पन्नास-साठ वर्षं तरी जातात. म्हणजे १८६२मध्ये हे रिव्हॉल्व्हर साधं होतं. कोरीवकाम अलीकडचं आहे, आणि कॅप्टन ट्रास्कही अलीकडचाच आहे. मी त्यांना पंधराव्या वर्षापासून शोधते आहे." कुणीतरी हसलं. तू हसली नाहीस.

ही खळग्याची परीक्षा मी तुला शिकवलेली नाही. बाकी सगळं शिकवलं. पट्ट्यात राहून झिजलेली कडा कशी ओळखायची, क्रमांक पुन्हा ठोकलेला कसा दिसतो, चापाच्या वळणावर अंगठा फिरवून काय कळतं, हे सगळं तू माझ्या बाकावर बसून शिकलीस. पण ही एक गोष्ट, मला तीस वर्षं माहीत असून, मी तुला मुद्दाम सांगितली नव्हती. तुझी तू शोधून काढलीस. कुणाच्याही मदतीशिवाय, स्वतःच्या डोळ्यांनी. मी हे इतकं ठासून का लिहितो आहे ते आता तुझ्या ध्यानात यायला लागलं असेल.

स्ट्रेक लालबुंद झाला. तो काय म्हणाला ते सगळ्यांनी ऐकलं. "मॅडम, वडिलांनी कारखान्यात शिकारी बंदुकांवर बदकं कोरली म्हणून लेकीला कोरीवकाम कळतं असं नसतं." लिऑन उठायला लागला, मी त्याचा कोट धरून खाली बसवलं. तू शांतपणे म्हणालीस, "माझ्या वडिलांची बदकं उडतील असं वाटतं, मिस्टर स्ट्रेक. म्हणूनच मला खऱ्या-खोट्यातला फरक दिसतो." हॉलने टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. माझे हात मांडीवर पडून होते, ते उचलता येईनात. लोक म्हणतात पोरांनी बापाचं नाव काढावं. तू ते भर सभेत काढलंस, आणि ते ऐकायला मी खांबाआड तोंड लपवून बसलो होतो.

नंतरचं मला लिऑनकडून कळलं, तुझ्याकडून नाही. स्ट्रेकने टेक्सासच्या एका जाणकाराकडून सहा पानी पत्र आणलं, की कोरीवकाम त्याच काळातलं आहे आणि खळगे कुणीतरी ॲसिडने नंतर पाडले आहेत. मग मंडळाकडे तक्रार. मंडळाच्या माणसांना तू खरी आहेस असं आतून वाटतं, पण स्ट्रेक दर वर्षी त्यांच्या प्रदर्शनाच्या हॉलचं भाडं भरतो. म्हणून त्यांनी गुळमुळीत मार्ग काढला : हे काम अलीकडे कुणी केलं त्याचा पुरावा आण, नाहीतर "माझी चूक झाली असण्याची शक्यता आहे" अशा कागदावर सही कर आणि समितीवरून उतर. तू फोनवर मला यातलं अक्षरही सांगितलं नाहीस. "कामाची गडबड आहे ताता," एवढंच. म्हाताऱ्याला त्रास नको, असं तुझ्या मनात असणार. आईवर गेलीस.

आता लिऑनलाही माहीत नाही ते सांगतो. तुझ्या आईला माहीत होतं. आणखी एकाला होतं, तो मेला.

१९७७मध्ये आमचं खातं बंद झालं ते तुला आठवत असेल. हाताने कोरलेली बंदूक कुणी मागत नव्हतं. मी शाळांच्या करंडकांवर नावं कोरायला लागलो. 'दुसरा क्रमांक, गोणपाट शर्यत'. ज्या हाताने पोलादावर हरिणं उठवली तो हात गोणपाट शर्यतीला आला. तेव्हा क्वार्ल्स एका रविवारी चर्च सुटल्यावर घरी आला, एक साधं, बापुडं, गंजकं नेव्ही घेऊन. म्हणाला, "टेड, शंभर वर्षांपूर्वीचे ते जर्मन उस्ताद होते ना, त्यांच्या तोडीचं काम आज कुणाला जमेल असं वाटत नाही मला." मी म्हटलं, "इथे ठेवून जा." बघ किती स्वस्तात गेलो. पैसे त्याने दिले, नाही म्हणत नाही, पण त्याने आधी माझी दुखरी जागा बरोबर दाबली होती.

चार महिने मी त्यावर रविवार दुपारी काम केलं, तू आईबरोबर मावशीकडे जायचीस तेव्हा. खळगे घासून काढू का, असं मी विचारलं तर क्वार्ल्स म्हणाला, "छे, राहू दे. गंज दिसला की लोकांचा विश्वास बसतो." डाव्या अंगाच्या मोठ्या खळग्यापाशी माझी कोरणी एकदा घसरली आणि काठावरून आत उतरून पलीकडे चढली. तेव्हाच मला कळलं, की बघणारा असेल तर त्याला हे दिसेल. मग मनाशी म्हटलं, असा बघणारा कुठे जन्माला आलाय! तू तेव्हा पुढच्या खोलीत फरशीवर बसून गणितं सोडवत होतीस, कारण त्या रविवारी मावशीला ताप होता.

कॅप्टनसुद्धा माझाच. क्वार्ल्सला एखादं नाव हवं होतं, फार प्रसिद्ध नको. कारखान्यातल्या एका जुन्या लेथवर पितळी पट्टी होती, तिच्यावर ट्रास्क हे नाव होतं. एलिहू मी बायबलमधून घेतलं. मक्याचं शेत तेवढं क्वार्ल्सचं. म्हणजे तू ज्याच्यासाठी रडलीस, ज्याच्यासाठी एका चर्चने प्रार्थना केली, तो माणूस म्हणजे एक लेथ होता. त्या उन्हाळ्यात रोज संध्याकाळी मी हे सांगायला तोंड उघडायचो आणि पावाचा तुकडा घालून बंद करायचो. शेवटी तुझ्या आईने मला तळघराच्या पायऱ्यांवर गाठलं. हॅलिना कधी ओरडायची नाही. म्हणाली, "टिओफिल, तुला तुझ्या हाताचा अभिमान आहे ना? मग त्याखाली स्वतःचं नाव का नाही कोरत?" बस, एवढंच. क्वार्ल्सचं काम मी त्या आठवड्यात सोडलं. तोवर पाच झाली होती. त्यानंतर मी फक्त साधी रिव्हॉल्व्हरं गोळा केली, कुणी कधी काही न कोरलेली. तू नेहमी विचारायचीस, "ताता, एवढा मोठा कोरणारा तू, आणि तुझ्या कपाटात एकही कोरलेलं नाही?" मी म्हणायचो, "नाव नसलेल्यांनाही कुणीतरी सांभाळायला हवं." चांगलं वाक्य होतं. खोटं बोलणाऱ्याला चांगली वाक्यं सुचतात.

काम सोडलं, पण तुला सांगितलं नाही. तुझं शिक्षण झालं, तू धातूंची जाणकार झालीस, संग्रहालयात गेलीस, आणि मी दर वर्षी ठरवायचो, या नाताळला सांगू. मग तुझं आणखी काहीतरी चांगलं व्हायचं आणि मला वाटायचं, आज नको. मंडळाने मला आजीव सदस्याची सोनेरी पिन दिली तेव्हा ती तूच माझ्या कोटाला लावलीस. तेव्हाही मी गप्प बसलो. आई आजारी असताना एकदा म्हणाली, "मी सांगणार नाही. ते तुझं काम आहे." तेही मी इतकी वर्षं लांबवलं.

त्या दिवशी पडद्यावर तो खळगा उघडा पडला तेव्हा मला आधी काय वाटलं माहीत आहे? भीती नाही वाटली, लाजही नंतर आली. आधी वाटलं, सापडलो, आणि सापडलो तो हिच्या हाती. एकोणतीस वर्षं ते रिव्हॉल्व्हर हिंडलं. संग्राहकांनी बघितलं, लिलाववाल्यांनी बघितलं, टेक्साससकट सगळ्या शहाण्यांनी भिंगं लावली. कुणालाही दिसलं नाही. माझ्यासारखा कोरणारा या खोऱ्यात दुसरा नव्हता, हे मी आज उघड म्हणतो. आणि त्याला पकडणारी त्याच्याच घरात जन्मली. हातावरचा माझा अभिमान त्या दिवशी उतरला, ब्रोन्या. आता जो आहे तो तुझ्या डोळ्यांचा आहे, आणि तो पहिल्यापेक्षा मोठा आहे.

परवा लिऑनने सांगितलं, की तू त्या कागदावर सही करायचं ठरवलं आहेस. म्हणालीस म्हणे, "पुरावा कुठून आणू? दमले मी." म्हणून हे पत्र. सही करू नकोस. तुझी चूक झालेली नाही, आणि ते मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो, कारण कोरणारा मी होतो. प्रत्येक काम झालं की ते जुनं दिसण्यासाठी मळवायच्या आधी मी काजळी लावून त्याचा ठसा कागदावर उतरवत असे, कारखान्यातली सवय. पाचही ठसे माझ्याकडे आहेत, प्रत्येकावर तारीख आणि नळीखालचा क्रमांक माझ्या अक्षरात. ट्रास्कच्या ठशात तिन्ही खळगे आहेत, ॲसिडची गोष्ट तिथेच संपते. गुरुवारी साडेदहाला मंडळासमोर मी ते ठेवणार आहे. एवढ्यानेही कुणाला शंका राहिली तर म्हणेन, पोलादाची पट्टी द्या, तेच पान इथे कोरून दाखवतो. चमचा धरताना हात थरथरतो, कोरणी धरली की अजून थरथरत नाही. माझ्या पाचही कामांची नावं मी देणार, पिन परत करणार, आणि स्ट्रेकला काय करायचं ते तो करो. लिऑनला उद्या सांगतो, ते मला सगळ्यात जड जाणार आहे. तू मात्र एक कर. तिथे मला ताता म्हणून वाचवू नकोस. परीक्षक म्हणून समोर बस, इतरांना विचारतेस तसे प्रश्न विचार, आणि उत्तर पटलं नाही तर तसं सांग. नंतर माझ्याशी बोलायचं की नाही, ते तू ठरव. नाही बोललीस तरी मी समजेन. पण गुरुवारी त्या खोलीत पहिल्यांदा माझ्या कामाखाली माझं नाव लागेल, आणि ते लावायला भाग पाडणारी माझी मुलगी असेल. त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाला आणखी काय हवं! मी माझा चांगला निळा सूट इस्त्रीला टाकला आहे, आणि या वेळी पहिल्या रांगेत बसणार आहे.

तुझाच,
ताता
टिओफिल गाव्रोन्स्की, कोरीवकाम करणारा